डोहाळे आणि बाळाचे कान

गर्भवतीचे डोहाळे पुरवले नाहीत तर जन्मणाऱ्या बाळाचे कान फुटतात, हा समज महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही ऐकू येतो; डोहाळे अपुरे राहिल्यास अपत्यात व्यंग येते, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही म्हटले आहे. प्रत्यक्षात कान फुटतो तो मध्यकर्णात जंतुसंसर्ग होऊन पू साठल्याने आणि पडद्याला छिद्र पडल्याने. घसा व कान यांना जोडणारी नलिका तान्ह्या मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीचा संसर्ग कानापर्यंत सहज पोहोचतो. आईला नऊ महिन्यांत चिंच मिळाली की नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

या समजाचा खरा धोका असा, की भाजलेली माती, पाटीवरची पेन्सिल किंवा खडू खाण्याची इच्छाही डोहाळा म्हणून लाडाने पुरवली जाते. अशी इच्छा अनेकदा रक्तक्षयाची खूण असते. माती लोहाचे शोषण आणखी कमी करू शकते, आणि तिच्यातून जंतांची अंडी किंवा शिसेही पोटात जाऊ शकते. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार करावेत, आणि लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये.

फोडणीच्या वासानेच मळमळणाऱ्या बाईला ‘बाळासाठी खा’ असा आग्रह करणे मात्र निर्दयपणाचे आहे. वरण नको असेल तर मुगाचे धिरडे किंवा दही चालते. पाणीही पोटात टिकत नसेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.