साळ नदीतली घाण नेमकी कुणाची?

गोव्यातल्या साळ नदीच्या पाण्याचा रिपोर्ट आला की सगळे एकच आकडा बघतात, फिकल कॉलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, किती. आंघोळीच्या पाण्यासाठी १०० मिलीत जास्तीत जास्त २५०० एमपीएन (जंतूंची अंदाजे संख्या) चालतात, खरं तर ५०० च्या आत हवेत. पण हा आकडा घाण किती ते सांगतो, कुणाची ते नाही. यातला मुख्य जंतू ई. कोलाय, तो माणसाच्या पोटात असतो तसाच म्हशीच्या, डुकराच्या, कुत्र्याच्या, बगळ्याच्याही असतो. वर आपल्या उष्ण हवेत तो गाळात टिकून राहतो, कधीकधी वाढतोसुद्धा, मग पावसाने गाळ ढवळला की आकडा चढतो आणि बोंब मात्र जवळच्या हॉटेलवाल्याच्या नावाने.

म्हणून बॅक्टेरॉइडीस नावाचे जंतू बघतात. त्यांना ऑक्सिजन सोसत नाही त्यामुळे पोटाबाहेर ते वाढत नाहीत, आणि माणसाच्या आतड्यातले वेगळे, गुरांच्या आतड्यातले वेगळे. पाणी गाळायचं, गाळणीवर उरलेल्यातून डीएनए काढायचा आणि पीसीआर करायचा, म्हणजे त्यातला हवा तो तुकडा वाढवून शोधायचा, कोविडमुळे हे नाव आता घरोघरी माहीत आहे. माणसासाठी एचएफ१८३ हा मार्कर, म्हणजे या जंतूंच्या डीएनएतली ओळखखूण, गुरांसाठी दुसरा, डुकरांसाठी तिसरा. अर्थात परदेशात बनवलेले मार्कर आधी इथल्या विष्ठेवर तपासायला लागतात, ओडिशात तसं केलं तेव्हा माणसाचे म्हणवणारे मार्कर जनावरांतही थोडेफार निघाले. म्हणून जोडीला कॅफीनही शोधतात, गाय काय कॉफी पीत नाही!

गोव्यात याचा खरा उपयोग सोकपिटांसाठी, म्हणजे संडासाचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांसाठी. खाली जांभा, त्याला भोकंच भोकं, पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि सोकपिटातलं नीट न गाळताच विहिरीत नाहीतर नाल्यात जातं. म्हणजे माणसाचा मार्कर पावसात सगळीकडे थोडा थोडा वाढला तर संशय सोकपिटांवर, आणि भर उन्हाळ्यात एकाच जागी भसकन सापडला तर कुणीतरी चोरून पाईप जोडलाय किंवा रात्री टँकर रिकामा केलाय. गुरांचा निघाला तर मलनिस्सारणाच्या लाईनी टाकून काही होणार नाही, गोठ्यांकडेच बघायला हवं.

फक्त नमुना कधी घेतला ते महत्त्वाचं. साळ बेतुलला समुद्राला मिळते, भरतीला खालचं पाणी वर चढतं आणि सगळी सरमिसळ होते, त्यामुळे ओहोटीलाच जायचं आणि प्रत्येक नाला जिथे मिळतो तिथे त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला बाटली भरायची.