वळिवडे छावणी

कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वसवलेली पोलिश निर्वासितांची छावणी (१९४३–४८). येथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले. त्यांत बायका आणि मुलेच जास्त होती. कर्ते पुरुष बहुधा सैन्यात गेलेले, नाहीतर आधीच्या हालअपेष्टांत दगावलेले.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. १९४०–४१ मध्ये तिथल्या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर, १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारान्वये त्यांची सुटका झाली. मग १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची आणि शेवटी वळिवडे. जामनगरजवळच्या बालाचडी येथे पोलिश मुलांची वेगळी छावणी होती; तिथल्या मुलांपैकी अनेकांना पुढे इथेच आणले गेले.

या छावणीची आठवण एरवी संस्थानी आदरातिथ्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ते आदरातिथ्य खरेच मोठे होते. पण छावणीचा जीव होता तो तिथल्या शाळांत. भूक, टायफस आणि मरणे पाहून आलेली मुले बराकींत पोलिश भाषेतून पुन्हा धडे गिरवू लागली. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत सोय होती. चर्च, दवाखाना, रंगमंच, स्काउटची पथकेही होती. मुले पंचगंगेत पोहत, पन्हाळ्याला सहलीला जात. त्याच काळात कित्येकांचे वडील आणि भाऊ इटलीत माँते कासिनोला लढत होते (१९४४). युद्धकाळातल्या बालपणावर कुमारांसाठी मराठीत ऐतिहासिक कादंबरी लिहायची, तर तिचे कथानक शोधायला युरोपात जायची गरज नाही.

युद्ध संपले तरी घरी परतणे बहुतेकांच्या नशिबी नव्हते. दोस्त राष्ट्रांच्या १९४५ च्या याल्टा परिषदेनंतर त्यांची गावेच सोव्हिएत हद्दीत गेली होती. काही जण नव्या पोलंडात गेले, बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. कोल्हापुरात संसार थाटून राहिलेल्या पोलिश स्त्रियाही होत्या.

रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. लग्नाचा बस्ता बांधायला लोक आज ज्या गांधीनगरला जातात, ते हेच. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मारकस्तंभ उभा राहिला. त्या समारंभाला छावणीत वाढलेली काही मुले, आता पिकल्या केसांची, मुद्दाम आली होती.