गच्चीवर जाण्याआधी गोळ्यांची स्ट्रिप वाचा

14 जानेवारीला, उत्तरायणाला, अख्खं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं. रावपुऱ्यात काय, दांडिया बाजारात काय, सकाळी फिरकी घेऊन वर गेलेला माणूस उंधियो खायलाच खाली येतो आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणाला पुन्हा वर. हवा गार, वारा सुटलेला; ऊन लागतंय असं वाटतच नाही. पण काही औषधं चालू असतील तर हेच ऊन कातडी भाजून काढतं.

जमिनीवर यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकारचे अतिनील किरण पोचतात. नेहमीचं भाजणं होतं ते यूव्हीबीमुळे, आणि सूर्य खाली असला की ओझोन त्यातले बरेच अडवतो. म्हणून ‘सावली उंचीपेक्षा लांब, तोवर ऊन सौम्य’ हा ठोकताळा चालतो. उत्तरायणाला बडोद्यात सूर्य सर्वांत वर येतो पावणेएकच्या सुमारास, तोही जेमतेम 46 अंशांवर. सावली तेव्हाही जवळपास आपल्याएवढीच! औषध घेणारा फसतो तो इथेच. त्याला मुख्यतः बाधतात ते यूव्हीए, आणि ते हिवाळ्यातही, सकाळ-संध्याकाळही बरेच येतात. खिडकीची साधी काचही त्यांना फारसं अडवत नाही. कातडीत उतरलेला औषधाचा रेणू हे किरण शोषतो, ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि असा चेतलेला ऑक्सिजन पेशींना इजा करतो.

नेहमीच्या औषधांत पहिलं नाव डॉक्सिसायक्लिनचं. मुरुमांवर ते अनेक आठवडे दिलं जातं. 100 पेक्षा 200 मिलिग्रॅमला त्रास जास्त. रात्री घेतल्यानेही सुटका नाही. साधारण 18 तासांनंतरही निम्मं औषध रक्तात असतं. कधी कधी नखंही बोटापासून सुटतात. रक्तदाबासाठीचं हायड्रोक्लोरोथायझाइड बहुतेकदा दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत असतं, त्यामुळे ब्रँडचं नाव पाहून भागत नाही, खालचे घटक वाचावे लागतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक, नॅप्रॉक्सेन आणि पायरॉक्सिकॅम ही वेदनाशामकं आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अ‍ॅमिओडॅरोन हीसुद्धा याच यादीतली. दिवसभर ढील देऊन आणि खेचून खांदा दुखला म्हणून कीटोप्रोफेनचं जेल मात्र चोळू नका. ते लावलेल्या जागेला वापर चालू असेपर्यंत आणि थांबवल्यावरही दोन आठवडे ऊन लागू द्यायचं नसतं, ढगाळ दिवशीसुद्धा.

रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी सणापुरती बंद करणं हा उपाय नव्हे, तो मोठा धोका आहे. पर्याय हवा असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा.

एरवी हनुवटीखालचा भाग सावलीत राहून वाचतो. पतंग उडवताना मान मागे झुकलेली असते, टोपीची झडप निरुपयोगी ठरते आणि नेमका गळाच उन्हात येतो. म्हणून गळ्याभोवती जाड सुती रुमाल बांधा. मांजापासूनही थोडा आडोसा होतो. शर्ट पूर्ण बाह्यांचा आणि घट्ट विणीचा हवा. कापड उजेडासमोर धरा. आरपार दिसत असेल तर ते किरणही आत सोडणार. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. यूव्हीएसाठी ‘पीए’पुढे चार अधिक चिन्हं आहेत का ते पाहा. चेहरा आणि गळा मिळून दोन बोटांवर त्यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात; त्याहून कमी लावलं तर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. वर जाण्याच्या 15-20 मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. हातांच्या पाठी बहुतेक जण विसरतात.

आग, टोचल्यासारखं दुखणं आणि लाली त्याच दिवशी दिसली, तर ते भाजणं. एक ते तीन दिवसांनी खाज सुटली आणि कपड्याखालीही पुरळ पसरलं, तर बहुधा ॲलर्जी. लगेच सावलीत या, गार पाण्याची ओली फडकी ठेवा, टूथपेस्ट किंवा तूप लावू नका, फोड फोडू नका. फोड मोठ्या भागावर असतील, ताप आला किंवा डोळे दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरातल्या सगळ्या स्ट्रिप आणि ट्यूब सोबत न्या, आयुर्वेदिकसुद्धा. कोडावर दिल्या जाणाऱ्या बावचीत सोरालेन असतं, आणि ते कातडीवर काम करतं तेच मुळी यूव्हीएच्या मदतीने.