डीझेड खरा की नंतर ठोकलेला?

१९६९ ची शेवरोले कॅमॅरो झेड-२८ ही जुनी अमेरिकन गाडी विकायला काढली की बॉनेट उघडून बॅज आणि व्हॉल्व्ह कव्हर दाखवतात, पण ते सगळं विकत मिळतं हो, नारिंगी रंगासकट. खरा प्रश्न असा की आत ३०२ घन इंचांचं मूळ इंजिन आहे की साधं ३५० घन इंचांचं, आणि त्यावरचा 'डीझेड' शिक्का खरा आहे का.

बाहेरून दोन्ही सारखेच. ट्रान्स-अ‍ॅम या अमेरिकन रेसिंगमध्ये इंजिनाला ३०५ घन इंचांची मर्यादा होती म्हणून शेवरोलेने ३२७ इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि २८३ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) एकत्र आणला, त्यातून ३०२ निघालं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या, मागे ओतलेला ३९७००१० हा नंबर १९६९ च्या ३०२ वरही सापडतो आणि ३५० वरही, म्हणजे नुसत्या त्या नंबरवर उडी मारण्यात अर्थ नाही. ओतल्याची तारीख वेगळी असते, 'सी १२ ९' म्हणजे मार्च, १२ तारीख, वर्ष ९. आता हे ९ म्हणजे १९६९ की १९७९? तोच ब्लॉक तेव्हाही ओतला जात होता, त्यामुळे इथे बरेच जण फसतात.

मग पुढे या, उजव्या हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) समोरच्या, ब्लॉकवरच्या सपाट पट्टीवर. तिथे 'व्ही०३१५डीझेड' असं काहीतरी ठोकलेलं असतं, व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, मग जोडणीचा महिना आणि तारीख, आणि डीझेड म्हणजे १९६९ चं ३०२. शेजारी, किंवा ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवर, गाडीच्या चेसिस नंबरचा तुकडाही हवा. आधी ओतणं, मग जोडणी, मग गाडी, हा क्रम उलटा निघाला तर विषयच संपला.

पण आकड्यांचा पंच कोणीही मारतो. म्हणून मी आकड्यांपेक्षा त्यांच्या खालचं लोखंड जास्त बघतो. कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोचने, म्हणजे ओळीने दात असलेल्या कटरने, एका सरळ फटक्यात तासला जायचा आणि पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा उरायच्या. नंतर गॅरेजमध्ये ब्लॉक पुन्हा तासला की फिरत्या कटरच्या गोलसर खुणा येतात आणि मूळ आकडे जातात. काही बहाद्दर सँडपेपरने खोट्या रेषा ओढतात, तेव्हा भिंग लावा: पंच बसताना लोखंड बाजूला सरकून आकड्याला बारीक उंच कड येते, खऱ्या पट्टीवर रेषा आधीच्या असतात त्यामुळे आकडा त्यांना तोडतो, आणि रेषा जर त्या कडेवरूनच ओरखडत गेलेल्या दिसल्या तर त्या नंतरच्या. पट्टी गुळगुळीत असली म्हणून लगेच मालकाला चोर म्हणू नका, प्रामाणिक रिबिल्डमध्येही असं होतंच.

हेड उतरवता आलं तर वादच मिटतो. बोअर दोन्हींचा ४ इंच, पण पिस्टनची धाव ३०२ मध्ये ७६.२ मिमी आणि ३५० मध्ये ८८.४, बारा मिलिमीटरचा फरक साध्या कॅलिपरलाही कळतो. खालून ऑइल पॅन काढलं तर क्रँकही (पिस्टनना जोडलेला फिरता दांडा) बघा, ३०२ चा फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला असतो, त्याच्या सांध्याची खूण रुंद पट्ट्यासारखी, ओतीव क्रँकची मात्र बारीक रेघ. फक्त एवढं की सुटे पार्ट जमवून ३०२ आजही बांधता येतं, त्यामुळे माप बरोबर आलं तरी हे इंजिन याच गाडीचं का, हे त्या चेसिस नंबरच्या तुकड्यावरच ठरतं.