‘क्रीम’ कुणाचे: कॅनमधल्या तुऱ्यापासून केकपर्यंत

कोल्ड कॉफीवर कॅन उलटा धरून क्रीमचा तुरा सोडायची पद्धत लातूर-नांदेडच्या कॅफेंत अलीकडची. असा कॅन अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९४८ सालीच विक्रीला आला होता. त्यातला नायट्रस ऑक्साइड दाबाखाली स्निग्धांशात विरघळतो आणि बाहेर पडताना क्रीम जवळपास चौपट फुगवतो. दोन चमच्यांत जेमतेम १५ कॅलरी भरतात त्या या वायूमुळे. वजनावर घेतले तर १०० ग्रॅमला सुमारे २६० कॅलरी आणि २२ ग्रॅम स्निग्धांश. हा फुगारा लवकर बसतो, म्हणून केक सजवायला कॅन उपयोगी नाही.

केकवर आपल्याकडे आधी ‘बटर क्रीम’ असे, म्हणजे बहुतेक बेकऱ्यांत पिठीसाखर घालून फेटलेले वनस्पती तूप. तालुक्याच्या गावी डीप फ्रीझर पोचले तसे गोठवलेल्या खोक्यांतले ‘व्हिप’ आले. त्यात पाणी, साखर आणि हायड्रोजनेटेड (हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेले) पाम कर्नल तेल, म्हणजे पामच्या बियांतल्या गराचे तेल. दुधाचे क्रीम उबेला ढिले पडते. परभणीचा मे महिना आणि वर भारनियमन, अशात तेलाचे टॉपिंग तग धरते. बेकरीवाल्यांची निवड समजण्यासारखी होती.

गुंता शब्दाचा आहे. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या पदार्थाला दुग्धजन्य नाव लावता येत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम. त्यामुळे खोक्यावर ‘व्हिप टॉपिंग’ छापलेले असते. तेच फेटून केकवर चढले की काउंटरवर ‘फ्रेश क्रीम’ होते. इथे ‘फ्रेश’चा अर्थ एवढाच, की हे बटर क्रीम नाही. क्रीम म्हणजे आता फक्त पोत, गिऱ्हाइकाला ते ठाऊक असते, असे विक्रेते सांगतात. हे पटत नाही. ज्या घरात साय विरजून लोणी काढतात, तिथे क्रीम म्हटले की दूधच डोळ्यांपुढे येते, आणि लेकराच्या वाढदिवसाचे पैसे त्या समजुतीवर मोजले जातात. नियम खोक्यापाशी थांबतो, कापलेल्या केकपर्यंत पोचत नाही, ही त्यातली खरी उणीव.

१ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची, म्हणजे तेल अर्धवट घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक स्निग्धांशाची, मर्यादा २ टक्क्यांवर आली. जुन्या वनस्पती तुपाच्या मानाने ही मोठी सुधारणा. पण ‘ट्रान्स फॅट शून्य’ म्हणजे निर्धोक नव्हे: पाम कर्नल तेलात कोलेस्टेरॉल वाढवणारी संपृक्त स्निग्धाम्ले (सॅच्युरेटेड फॅट) सुमारे ८० टक्के असतात, दुधाच्या स्निग्धांशात ६० ते ६५.

कॅनमध्येही दोन्ही प्रकार मिळतात. नळी तीच, तुराही तसाच. फरक कळतो तो मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांतल्या घटकांत.