ऐतिहासिक कादंबरी की हिस्टॉरिकल रोमान्स, आधी हे ठरव

भाचीला लेखिका व्हायचंय. परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये तिने मोबाईलवर कथेचा आराखडा दाखवला, ऐरोली यायच्या आत वाचूनही झाला. थोरले माधवराव, रमाबाई, आणि वर लिहिलंय 'हिस्टॉरिकल रोमान्स, शेवट गोड'. म्हटलं अगं बये, 1772 ला थेऊरला माधवराव क्षयाने गेले, रमाबाई सती गेल्या, तू गोड कुठनं आणणार? तर म्हणे, "मावशी, पण प्रेम तर आहे ना त्यात!"

इथेच घोळ होतो बघा. प्रेम दोन्हीकडे असतं. 'स्वामी' किंवा 'राऊ' या ऐतिहासिक कादंबऱ्या, माणसं खरी, शेवट आधीच होऊन गेलेला, बाजीराव 1740 ला रावेरखेडीला देह ठेवणार म्हणजे ठेवणारच, लेखकाच्या हातात फक्त त्यांच्या मनात काय चाललं होतं तेवढंच. हिस्टॉरिकल रोमान्समध्ये काळ खरा पण जोडी बहुतेक वेळा मनातली, आणि ती शेवटी एकत्र येणार हा वाचकाला दिलेला शब्द, तो मोडला तर वाचक पुढचं पुस्तक हातात घेत नाही.

आणि पुढची पुस्तकं तर लागतातच, कारण या लाईनीत करिअर सातत्यावर चालतं. इंग्लंडची हिस्टॉरिकल रोमान्स लिहिणारी जॉर्जेट हेयर बघा, आजारी भावासाठी रचलेली गोष्ट 1921 ला पुस्तक झाली तेव्हा ती 19 ची, मग पन्नासेक वर्षं साधारण वर्षाला एक. मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, गवताच्या झोपडीत राहून तिने 1745 च्या इंग्लंडवर कादंबरी लिहिली, संदर्भाची सगळी पुस्तकं जवळ नाहीत, तरी काळाची चूक एकच निघाली म्हणतात, लंडनचा एक क्लब वर्षभर आधी उघडला. आमच्या बाईसाहेबांनी शनिवारवाड्याच्या पंगतीत टोमॅटोचं सार वाढलंय!

मी म्हटलं पेशव्यांना सोड, आपला ठाण्याचा किल्ला घे, जिथे आता जेल आहे तो. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. किल्ल्यातला एखादा कारकून आणि खाडीपलीकडच्या कळव्याची मुलगी, दोघंही तुझ्या मनातली, मग किल्ला पडला तरी जोडी वाचवता येते.

घणसोलीला उतरता उतरता विचारते, "टोमॅटो काढते, पण ती कळव्याहून येणार कशी, तेव्हा पूल होता का?"

म्हटलं, होडीने. आणि भरती-ओहोटी बघून लिही.