भिंत, डिजिटल आणि ‘गनिमी’ शब्दाचा घोळ

रात्रीतून भिंतीवर चित्र काढायचं, खाली नाव टाकायचं नाही. चित्रात खरेदीच्या वेडाची टिंगल, शेजारी जुने कपडे अडकवायला चार खिळे. या प्रकाराला आता मराठीत ‘गनिमी कला’ म्हणू लागलेत, आणि परवानगी घेऊन काढलेल्या चित्राला, उद्घाटन केलेल्या भिंतीलाही गनिमी म्हणायचं का, यावर आमच्या सोलापुरात वाद आहे.

यातली टिंगल जुनी आहे. सिडनीत १९७९ पासून काही मंडळी सिगारेटच्या जाहिरातफलकांवर रंग मारून अक्षरं बदलायची, त्यांत डॉक्टरही होते. व्हँकुव्हरच्या एका चित्रकाराने १९९२ मध्ये ‘आज काहीही विकत घेऊ नका’ असा एक दिवसच काढला. खिळे मात्र अलीकडचे. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात कुणीतरी भिंत रंगवली, कोट टांगायची सोय केली आणि वर लिहिलं, नको असेल तर ठेवून जा, हवं असेल तर घेऊन जा. तीच आपल्याकडची माणुसकीची भिंत. फरक इतकाच, की आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी तिचं उद्घाटन झालं. फीत आली, हार आले, आणि देणाऱ्याचा फोटो कपड्यांपेक्षा मोठा झाला.

मग तिला गनिमी म्हणायचं का? वाद इथेच अडतो, आणि शब्द मुळातच गुंत्याचा आहे. इंग्रजीतला ‘गुरिल्ला’ स्पॅनिशमधून आला, अर्थ ‘छोटं युद्ध’. १८०८ नंतर नेपोलियनच्या फौजेला स्पेनमध्ये जो त्रास झाला त्यातून तो युरोपभर गेला. आपला ‘गनीम’ अरबी-फारसीतला. अर्थ लुटारू, शत्रू. मोगलांच्या बाजूचे लोक मराठ्यांना गनीम म्हणत. म्हणजे समोरच्याने दिलेली शिवी आपण अभिमानाने मिरवली, आणि आता तीच चित्राला लावतो. स्पॅनिश शब्द लढाईच्या आकाराबद्दल बोलतो, आपला शब्द लढणाऱ्याला कोण काय म्हणतं याबद्दल. त्यामुळे मराठीत ‘गनिमी’ म्हटलं की कुणाचा गनीम, हे विचारावंच लागतं. परवानगीचा कागद हातात घेऊन, महापालिकेने दिलेल्या रंगात काढलेलं स्वच्छतेचं चित्र सुंदर असेलही, पण ते कुणाचंच गनीम नाही. माझ्या मते वादाचा निकाल एवढ्यावरच लागतो. परवानगीवाल्यांना हे पटत नाही.

दुसरा घोळाचा शब्द ‘दान’, भिंतीवर कपडे ठेवण्याला लावला जाणारा. सोलापुरात तो वापरताना जीभ जरा अडखळायला हवी. बाराव्या शतकात ज्यांनी इथे तळं खोदवलं, अडुसष्ट लिंगं स्थापली, त्या सिद्धरामेश्वरांच्या शरण (म्हणजे लिंगायत संतांच्या) परंपरेत शब्द आहे दासोह. देणारा दाता नव्हे, दास. त्यात नाव कोरायची सोयच नाही. बिननावाची भिंत त्याच्या जवळ जाते, फीत कापलेली जात नाही.

सोलापूरची खरी अडचण वेगळीच आहे. १८७७ साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी उभी राहिली तेव्हापासून हे शहर लोकांनी नवं कापड घ्यावं यावरच जगतंय. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले; चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, टॉवेल परदेशी जातात. इथे ‘नवीन घेऊ नका’ असं भिंतीवर लिहिणाऱ्याला पूर्व भागातला, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीतला, कामगार विचारणारच, मग आम्ही विणायचं कुणासाठी? जुनी चादर खिळ्याला लावणारा आणि नवी विणणारा बहुतेक वेळा एकाच गल्लीतले असतात.

भिंतींचं म्हणाल तर त्या कधीच रिकाम्या नव्हत्या. माझ्या शाळेच्या वाटेवर कपडे धुण्याच्या पावडरीची अख्खी भिंत होती, हाताने रंगवलेली, अक्षरांना सावली दिलेली. नंतर डिजिटल आलं (फ्लेक्सला आम्ही डिजिटलच म्हणतो) आणि रंगाऱ्यांचा धंदा बसला. वाढदिवस, निवड, सेल, श्रद्धांजली, सगळं एकाच खांबावर.

राज्यातला मालमत्ता विद्रूपणाचा कायदा १९९५ चा. विनापरवाना काही रंगवलं वा लावलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या) दिवसांत, ती भरते त्या होम मैदानाच्या वाटेवर उभी राहणारी विनापरवाना डिजिटलं आणि त्यांच्याखालच्या भिंतीवरचं ते बिननावाचं चित्र, दोन्ही त्याच कलमात बसतात.